पाझरसाठी पैसे कुणी आणले

आमच्या झाशीच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक दरवर्षी निघतो. थोड्या जाहिराती, थोड्या फराळाच्या पाककृती, आणि उरलेल्या जागेत मंडळातल्या कुणीतरी आपल्या नोकरीविषयी लिहायचं. रेल्वेतले लोक इंजिनांवर लिहितात, बबिन्याच्या छावणीतले फौजी बदल्यांवर. यंदा संपादक माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सुनंदाताई, तुम्ही त्या सॉफ्टवेअरसाठी सरकारकडून पैसे आणलेत ना, ते कसे आणलेत यावर लिहा."

पैसे मी आणले नाहीत. अश्विनी शिंदे हिने आणले. हे वाक्य आधीच लिहून टाकते, कारण पुढे कधीतरी लिहू म्हटलं तर माझा हात आखडेल.

माझे वडील भुसावळहून रेल्वेच्या नोकरीत झाशीला आले आणि इथलेच झाले. मी इथेच शिकले आणि भूजल खात्यात तांत्रिक सहायक म्हणून लागले. काम विहिरींचं. बुंदेलखंडात मातीचा थर पातळ आणि त्याखाली कातळ. पाणी असतं ते कातळाच्या भेगांत, त्यामुळे एका शेतातली विहीर तुडुंब आणि बांधापलीकडची कोरडी, हे इथे नेहमीचं. विहिरीत दिसतं ते सगळं पाणी तिचं नसतं. पंप लावून उपसायचं, पातळी किती खाली जाते ते घड्याळ लावून मोजायचं, पंप बंद करायचा आणि ती किती वेगाने परत चढते ते मोजायचं. मग त्यावरून गणित: ही विहीर रोज किती पाणी देईल, आणि शेजारी दुसरी खोदली तर हिचं पाणी पळेल का. मे महिन्यात गावाला टँकर लागणार की नाही, ते या गणितावर ठरतं.

हे गणित आम्ही आलेखाच्या कागदावर करत असू. नंतर खात्याने एका परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. ते महाग होतं म्हणून एकच घेतलं, आणि महाग होतं म्हणूनच ते साहेबांच्या केबिनमध्ये ठेवलं. साहेब दौऱ्यावर गेले की केबिनला कुलूप. तेव्हा मी घरी, माझ्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर, स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याचं नाव ठेवलं पाझर. कचेरीतले लोक त्याला 'पाजर' म्हणत.

पाझर मी इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिला. तो फुकट होताच, पण आतूनही उघडा होता. ज्याला वाटेल त्याने आतलं गणित वाचावं, चूक दाखवावी, हवा तो बदल करावा आणि तो बदल इतरांनाही द्यावा. याला ओपन सोर्स म्हणतात. हळूहळू माणसं जमली. केरळातला थॉमस, शाळेत गणित शिकवणारा, आकडेमोडीत माझ्यापेक्षा हुशार. नागपूरचे देशमुख, निवृत्त भूगर्भतज्ज्ञ. आम्ही तिघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पगार कुणालाच नव्हता. रविवार होते.

गिऱ्हाईकं मात्र नाना तऱ्हेची. बडा बाज़ारातल्या एका साडीवाल्याने कुठूनसा माझा नंबर मिळवला. आपल्या घराच्या अंगणात बोअर कुठे मारू, ते पाझरला विचारून सांगा, म्हणाला. मी म्हटलं, "भैया, यह ज्योतिष नहीं है." त्यावर तो म्हणाला, "तो फिर इसका फायदा क्या?" परदेशातल्या एका प्राध्यापकाने फार सुंदर शब्दांत कळवलं, की आमच्या प्रोग्रॅमचा रंग त्याला उदास वाटतो. आणि सगळ्यांत जास्त फोन मऊरानीपुरच्या पटेरियाजींचे. ते तिथल्या ब्लॉकमध्ये विहिरींचं काम बघणारे कनिष्ठ अभियंता. पाझर त्यांनी मनापासून वापरला, त्यामुळे तक्रारीही मनापासून.

"मैडम जी, प्रधान जी के खेत वाले कुएँ में पानी कम दिखा रहा है."

"कम होगा, पटेरिया जी."

"वो तो है. मगर तनक बढ़ा देतीं आप. प्रधान जी सामने बैठे हैं."

मी पाणी वाढवलं नाही. पटेरियाजींनी प्रधानजींना, म्हणजे गावच्या सरपंचांना, सांगितलं, की दिल्लीहून परवानगी नाही. अशा रीतीने दिल्लीला न जाता मी दिल्ली झाले. मी निवृत्त झाल्यावरही ते फोन येत राहिले आणि मला ते आवडत होतं, हे कबूल करते.

आता या कामात पैसे कशाला लागतात, ते सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रोग्रॅम एकदा लिहिला की झालं. पण आमचा प्रोग्रॅम दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमांवर उभा असतो. आलेख काढणारा कुणाचा, समीकरणं सोडवणारा कुणाचा, आणि ते सगळे आपापल्या वेळी बदलत राहतात. खालचं बदललं की वरचं हलतं. तेव्हा कुणीतरी सतत बघत राहावं लागतं. या बघत राहण्यालाच आमच्यात काम म्हणतात. त्यातून नवं काही दिसत नाही, फोटो काढण्यासारखं तर काहीच नाही.

एका उन्हाळ्याच्या तोंडावर पटेरियाजींचा फोन आला. या वेळी आवाज हळू होता.

"मैडम जी, दफ्तर में नया कंप्यूटर आया है. उसी कुएँ का नया वाला कुछ और बता रहा है, पुराना वाला कुछ और."

"ज़्यादा कौन बता रहा है?"

"नया."

पाणी कमी दाखवणारी चूक परवडते, फार तर एक विहीर कमी खोदली जाते. जास्त दाखवणारी परवडत नाही. गाव त्या विहिरीवर विसंबून बसतं. मी त्याच दिवशी सगळ्यांना सूचना लावली, की नव्या संगणकांवर पाझर वापरू नका. मग शोधायला बसले. थॉमसची आई आजारी होती, तो इस्पितळात. देशमुखांना पडद्यावरचं वाचवत नव्हतं. मी एकटीच. कारण सापडलं तेव्हा ते अगदी लहान होतं. मोजमापांची फाइल वाचणारा जो दुसऱ्यांचा तुकडा आम्ही वापरत होतो, तो नव्या संगणकांवर पहिली ओळ शीर्षक समजून गाळत होता. आमची पहिली ओळ म्हणजे पंप सुरू करण्याआधीची पातळी. तीच गेल्यावर विहीर खरी जितकी खाली गेली त्याहून कमी गेल्याचं दिसायचं, म्हणजे पाणी जास्त. पटेरियाजींनी दोन संगणक शेजारी ठेवून पाहिले नसते, तर मऊरानीपुरच्या पाच-सहा गावांत त्या आकड्यांवर खुदाई सुरू झाली असती. ती थांबली. आकडे पुन्हा काढले, दोन जागा बदलल्या.

दुरुस्ती झाली आणि मी आजारी पडले. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट विचारलं, "उद्या तुला काही झालं तर हे कोण बघणार?" मी म्हटलं, थॉमस. तो तेव्हाही आईपाशी इस्पितळात होता.

तेव्हा मी सरकारकडे जायचं ठरवलं. विज्ञानाच्या कामाला मदत करणारी एक योजना होती. अर्जात पहिलाच प्रश्न: संस्थेचं नाव. आमची संस्था नव्हती. दुसरा: मालकी कुणाची. मी लिहिलं, सगळ्यांची. योजनेच्या कचेरीतल्या बाई फोनवर म्हणाल्या, सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही, कोरं सोडा. तरीही कसं कोण जाणे, समितीने मला दिल्लीला बोलावलं.

मी पूर्ण तयारीनिशी गेले. समीकरणं समजावली, भेगांमधून पाणी कसं वाहतं ते सांगितलं. अध्यक्ष सज्जन होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एका सदस्याने विचारलं, "यह मुफ्त में बँटता है, तो पैसा किस बात का?"

मी म्हटलं, "बिगड़े नहीं, इस बात का."

"इसमें नया क्या होगा?"

"नया कुछ नहीं होगा. जो है, वह चलता रहेगा."

आजही मला वाटतं, दोन्ही उत्तरं बरोबर होती. अर्ज नामंजूर झाला. कारण दिलं होतं, 'नावीन्याचा अभाव'.

अश्विनी त्या वर्षीच्या गणपतीत भेटली. तिचे मिस्टर मेजर, बबिन्याला नुकतीच बदली झालेली. माहेर साताऱ्याचं. गाडी स्वतः चालवत मंडळात आली आणि आल्या दिवशी आरतीची ताटं लावायला लागली. कुणीतरी तिला माझ्याविषयी सांगितलं. मी म्हटलं, "बस ना, तुझ्याशी जरा गोष्ट करायची आहे."

ती बसली आणि म्हणाली, "सांगा ना. कोणती गोष्ट?"

मला कळेना ती काय विचारते आहे. मग लक्षात आलं, की बोलायचं आहे याला आम्ही इथले लोक 'गोष्ट करायची आहे' म्हणतो, आणि तिच्या मराठीत गोष्ट म्हणजे कहाणी. ती हसली, मीही हसले. पण ते मला लागलं. तिचं मराठी झऱ्यासारखं होतं. आमच्या घरात मी मराठीत विचारते आणि मुलगी हिंदीत उत्तर देते. अश्विनी घरी आली की हे टीव्ही बंद करून बाहेर येऊन बसत. म्हणत, "किती दिवसांनी असं मराठी ऐकलं." इतकी वर्षं मी त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलत होते, कोण जाणे.

अश्विनीला संगणकातलं काही येत नव्हतं. ते तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "पण काकू, हे कसं वापरायचं ते कुठे लिहिलंय का?" लिहिलेलं नव्हतं. ज्याला अडेल तो मला फोन करायचा. तिने मला प्रश्न विचारून विचारून साध्या हिंदीत एक मार्गदर्शिका लिहिली, चित्रांसकट. चांगली लिहिली. इतकी चांगली, की पटेरियाजींचे फोन कमी झाले. एकदा मीच केला, तर म्हणाले, "अब तो सब समझ में आ जाता है, मैडम जी. अश्विनी मैडम ने क्या बढ़िया लिखा है." थॉमसने तिला लांबलचक पत्र पाठवून आभार मानले. त्याची पत्रं मला इतकी वर्षं येत होती. त्यांत माझ्या चुका असत, त्याने सुचवलेले उपाय असत, आणि शेवटी 'बाकी ठीक'. त्या 'बाकी ठीक'वर मी आयुष्य काढलं होतं.

मत्सर हा शब्द मी तेव्हा वापरला नसता. मला वाटायचं, मला डोकेदुखी होते. ती यायची त्या दिवशी जास्त.

पुन्हा अर्ज करायची कल्पना तिची. मी म्हटलं, एकदा होऊन गेलंय. ती म्हणाली, "तुम्ही पाझर काय करतो ते सांगितलंत. तो नसला तर काय होतं, ते त्यांना कुणी सांगितलंच नाही." मग मला गाडीत घालून मऊरानीपुरला घेऊन गेली. पटेरियाजींना मी तोवर फोनवरच ओळखत होते. उंच, किडकिडीत माणूस निघाला. अश्विनीने त्यांना एकच प्रश्न विचारला.

"यह बंद हो जाए तो आप क्या करेंगे?"

"कागज़ पर करेंगे."

"कागज़ पर करना किसको आता है?"

त्यांनी कचेरीभर नजर फिरवली. "हमको आता है. इन लड़कों को नहीं."

"और आप रिटायर हो गए तो?"

"तो अंदाज़ से खोदेंगे," पटेरियाजी म्हणाले. "पहले भी अंदाज़ से ही खोदते थे. आधे सूखे निकलते थे."

अश्विनीने हे जसंच्या तसं अर्जात घातलं. इथल्या एका कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून त्यांना पाझरचं पालकत्व घ्यायला लावलं, म्हणजे संस्थेच्या रकान्यात नाव आलं. त्या कॉलेजात मी कितीदा परीक्षक म्हणून गेले होते. प्राचार्यांना असं काही विचारता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अर्ज पुरा झाल्यावर तिने तो मला वाचायला दिला. लक्ष्मी तालाच्या काठी, महालक्ष्मीच्या देवळातून बाहेर पडल्यावर आम्ही पायरीवर बसलो होतो, तेव्हा मी वाचला. 'प्रकल्पापुढील धोके' असा एक भाग होता. त्यात पहिलंच वाक्य असं, की हे सगळं काम सध्या एका निवृत्त, उतारवयातल्या आणि नजर अधू होत चाललेल्या स्त्रीवर उभं आहे, आणि तिच्यानंतर ते समजणारं कुणी नाही.

मी कागद मिटले. "तू माझ्या मरणावर पैसे मागते आहेस."

"नाही काकू. तुमच्या मरणाआधी मागते आहे."

"माझ्या नजरेचं तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही आता हे वाचताना कागद किती लांब धरलात ते मी बघितलं ना." तिने पेन काढलं. "यातलं काही खोटं असेल तर काढते."

मला खूप काही बोलायचं होतं. तू काल आलीस. तुला त्या पहिल्या ओळीच्या चुकीतलं काय कळतं. मी या प्रोग्रॅमसाठी भावाच्या मुलीचं लग्न अर्ध्यातून सोडून आले होते. पण तिने विचारलं होतं, खोटं आहे का.

"काढू नकोस," मी म्हटलं.

घरी ह्यांनी विचारलं, देवीचं दर्शन झालं का. मी हो म्हटलं आणि मोतीबिंदूच्या डॉक्टरांचा नंबर शोधायला लागले. मग शोधणं सोडून दिलं. तिच्या सांगण्यावरून मी डोळे दाखवणार नव्हते.

दिल्लीत समिती तीच, अध्यक्ष तेच. मांडणी अश्विनीने केली. साडी साधी, आवाज शांत. पाझरमध्ये काय आहे हे तिने दोन वाक्यांत संपवलं आणि मग मऊरानीपुरच्या त्या उन्हाळ्याची हकिकत सांगितली. दोन संगणक, दोन आकडे, थांबवलेली खुदाई. माझीच हकिकत. मी मागे बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, अरे, ही तर चांगली हकिकत आहे. मी ती का सांगितली नव्हती?

मग त्या जुन्या सदस्याने विचारलं, "इतने साल मुफ्त में चल गया. आगे क्यों नहीं चल सकता?"

हा प्रश्न मला विचारला असता तर मी म्हटलं असतं, चालेल. ओशाळून म्हटलं असतं आणि घरी येऊन पुन्हा कामाला बसले असते. अश्विनी म्हणाली, "सर, मुफ्त में नहीं चला. पैसा नहीं लगा, बस. लगा तो इनका सब कुछ है." तिने माझ्याकडे हात केला. "अब इनसे और माँगना ठीक नहीं है. और यह खुद कभी मना नहीं करेंगी, इसलिए मैं कह रही हूँ."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी तिचा इतका राग आला, की पदर हातात घट्ट धरून बसले. माझ्याविषयी इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. ते तिने बोलावं याचाच मला त्रास होत होता. ती मला ओळखते हेसुद्धा तिचंच कौशल्य ठरलं.

गणिताचे प्रश्न आले त्यांची उत्तरं मी दिली. अर्ज मंजूर झाला. बाहेर पडताना अध्यक्षांनी अश्विनीचं अभिनंदन केलं, "बहुत अच्छा, मैडम." मग मला दोन्ही हात जोडून म्हणाले, "प्रणाम, माताजी."

झाशीच्या एका वर्तमानपत्रात फोटो आला. मध्ये अश्विनी, बाजूला प्राचार्य, आणि कडेला मी, अर्धी. मथळा फौजी अधिकाऱ्याच्या पत्नीच्या कर्तृत्वाचा. सकाळपासून मंडळातल्या बायकांचे फोन. "बघितलंत का, आपल्या अश्विनीने काय केलं." मी म्हणत होते, बघितलं. पटेरियाजींचाही आला. ते म्हणाले, "मैडम जी, आप आधी कट गईं." तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

पैशातून मला काही मिळणार नव्हतं. मानधनाच्या नियमात माझं वय बसत नव्हतं. अश्विनीनेही काही घेतलं नाही. थॉमसला अर्ध्या वेळेचा मोबदला सुरू झाला आणि कॉलेजात पूजा अहिरवार नावाची मुलगी नेमली गेली. इथलीच, नुकतीच पदवी घेतलेली. जे मी रविवारी करत होते ते ती सोमवार ते शुक्रवार करणार होती, आणि महिनाअखेर तिला पगार मिळणार होता. पहिला पगार झाल्यावर तिने माझ्यासाठी पेढे आणले. पेढा तोंडात घेऊन मी मनात म्हणत होते, मला या कामाचा पेढासुद्धा कधी मिळाला नाही, आणि आता मिळाला तो हिच्या पगाराचा.

पूजा विचारायची फार. "आंटी, यहाँ यह दो बार क्यों जाँचा है?" काही ठिकाणी मला कारण आठवायचं. काही ठिकाणी म्हणायचे, असू दे, काढू नकोस. तिला ते पटायचं नाही. ती काढून बघायची, काय मोडतं ते तपासायची, आणि शेजारी कारण लिहून ठेवायची. माझ्या डोक्यात होतं ते असं तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलं. कधीकधी वाटायचं, घरातलं सामान कुणी नीट बांधून नेतंय आणि आपण दारात उभे आहोत. पण मुलगी बांधत होती चांगलं, त्यात खोट नव्हती.

मग मेजर शिंद्यांची बदली झाली, राजस्थानच्या सीमेवर. मी बबिन्याला निरोप द्यायला गेले. क्वार्टरच्या व्हरांड्यात काळ्या पेट्या मांडलेल्या होत्या, पांढऱ्या रंगाने नाव लिहिलेल्या. अश्विनी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. आमचा फोटो आलेलं पानही त्यात असेल. मी शोधलं नाही. मीही खाली बसून गुंडाळायला लागले.

ती म्हणाली, "काकू, एक सांगू? मला तुमचा फार हेवा वाटायचा."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "माझा?"

"लग्नानंतर आठ ठिकाणी राहिले. प्रत्येक ठिकाणी काहीतरी सुरू करते, चांगलं चालतं, आणि या पेट्या निघतात. मागच्या ठिकाणी बायकांचं शिवणकेंद्र होतं, त्याआधी वाचनालय. आता ते आहे की बंद पडलं, मला ठाऊक नाही. तुम्ही एका जागी बसून एक गोष्ट इतकी वर्षं केलीत. मी तुमच्याकडे यायचे तेव्हा तुमच्या त्या टेबलाकडेच बघायचे."

मी एक कप गुंडाळला, मग दुसरा.

"मलाही तुझा वाटायचा," मी म्हटलं.

"ते माहीत आहे," अश्विनी म्हणाली. "तुम्ही लपवत कुठे होतात?"

दोघी हसलो. मेजरसाहेब बाहेर येऊन बघून गेले. माझा मत्सर त्या व्हरांड्यात संपला असं लिहिलं तर अंकाला शोभेल, पण तसं झालं नाही. तो बसमध्येही माझ्याबरोबर होता. एवढंच, की आता माझ्या बाजूनेही काहीतरी होतं हे मला कळलं होतं. इतकी वर्षं मी ज्या टेबलाशी अडकून पडले होते, ते कुणाला हवंसं वाटत होतं.

ती गेल्यावर मी डोळे दाखवले. गेल्या हिवाळ्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला बंदी केली. नेमका त्याच सुमारास, पाझर ज्यांवर उभा आहे त्यातला दुसऱ्यांचा एक तुकडा पुन्हा बदलला. पूर्वी असं झालं की मला जेवण जायचं नाही. पूजाचा फोन आला. मी घाईघाईने सांगायला लागले, आधी पहिली ओळ बघ, मग वेळेचा रकाना. ती म्हणाली, "हो गया, आंटी. थॉमस सर ने जाँच भी लिया. नई वाली आज डाल दी. आप दवाई डालिए."

मी ह्यांना म्हटलं, नव्या आवृत्तीबरोबर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. ह्यांनी चष्मा लावला आणि अडखळत वाचलं. काय बदललं, का बदललं, कुणाच्या विहिरीच्या मोजमापांवर तपासून पाहिलं. मऊरानीपुरचं नाव होतं. मजकूर नेटका होता. शेवटी या आवृत्तीसाठी काम केलेल्यांची नावं. अश्विनी शिंदे, मार्गदर्शिकेतल्या दुरुस्त्यांसाठी, म्हणजे तिकडूनही ती करत होती. थॉमस. पूजा अहिरवार.

हे थांबले. पान खालीवर करून पाहिलं. "तुझं नाव राहिलंय. फोन लावू का तिला?"

"राहिलं नाही," मी म्हटलं. "या वेळी मी काही केलं नाही. ज्याने काम केलं त्याचंच नाव येतं."

"असं कसं? सगळा प्रोग्रॅम तुझा."

"तसा नियम आहे. मीच केलेला."

मग माझी समजूत काढावी म्हणून म्हणाले, "पण ही अश्विनी सगळ्यांच्या वर कशी? तिने तर नुसतं लिहिलंय."

"नावं अक्षराप्रमाणे लावतात," मी म्हटलं, आणि औषधाचे थेंब घालायला मान मागे केली.